तिन्ही घरांना एकच टेप लाव

पुण्यात घर शोधणाऱ्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, मी ३१ वर्षांची, नवरा ३४. दोघं नोकरी करतो, मी हिंजवडी फेज वनला, तो स्वारगेटजवळ. मुलगी चार वर्षांची आणि सासूबाई आता गावाकडून कायमच्या आमच्याकडे येणारेत, त्यांचे गुडघे दुखतात. आठ महिन्यांत एकवीस घरं बघितली, आता डोकं चालत नाही. तीन उरलीत. पुनावळ्याला नवीन बांधकाम, ७० लाख, १००० स्क्वेअर फूट, ताबा दोन वर्षांनी. वारज्याला रिसेल, १३ वर्षं जुनी बिल्डिंग, ७२ लाख, ९५० फूट, तिसरा मजला. नऱ्ह्याला रेडी पझेशन, ५८ लाख, ९२० फूट, कम्प्लिशन 'मिळाल्यातच जमा' म्हणतात. आमचे साठवलेले २२ लाख आहेत, भाडं १९ हजार जातं. नवऱ्याला पुनावळ्याचा सॅम्पल फ्लॅट खूप आवडलाय, रविवारपर्यंत ५१ हजार टोकन दिलं तर दीड लाख सूट आहे. वारजं मला महाग आणि जुनं वाटतं. आम्ही नक्की कशाची तुलना कशाशी करतोय तेच कळेनासं झालंय."

अगं, शेवटचं वाक्य तू अगदी बरोबर लिहिलंयस आणि सगळा घोळ तिथेच आहे. तुझ्या पत्रात तीन घरांचे तीन आकडे आहेत पण तिन्ही आकडे वेगवेगळ्या भाषेत बोलतायत. पुनावळ्याचे १००० म्हणजे सेल्समनने तोंडी सांगितलेला सेलेबल (जिना, लॉबीचा वाटा मिळवून फुगवलेलं माप), वारज्याचे ९५० म्हणजे मालकाच्या डोक्यातला जुना बिल्टअप (बाहेरच्या भिंतींसकट माप), आणि नऱ्ह्याचे ९२० कुठून आले ते त्या ऑफिसमधल्या माणसालाही धड सांगता येणार नाही. महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून रेरा, म्हणजे बिल्डरांच्या घरविक्रीवरचा कायदा, लागू आहे आणि नव्या प्रोजेक्टमधलं घर कार्पेटवरच, म्हणजे आतल्या वापरायच्या जागेवरच विकायचं असं आहे, तरी बोलताना सेलेबल सुटत नाही. म्हणून आधी त्याच मंडळींना फोन करून रेरा कार्पेट चौरस मीटरमध्ये माग आणि चौरस फूट काढायला १०.७६४ ने गुण.

तू पत्रासोबत कॉस्ट शीट आणि फोटो पाठवलेस ते बरं झालं, मला त्यातनंच कळलं. पुनावळ्याचं रेरा कार्पेट ६२ चौ.मी. आहे, म्हणजे ६६७ फूट. नऱ्ह्याचं ५७, म्हणजे ६१३. वारज्याला तुम्ही टेप लावलात ते फार छान केलंत, ६६० भरले. आता इथे एक बारीक गोष्ट, बऱ्याच जणांची इथेच चूक होते. रेरा कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंतींची जाडी धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. टेप मात्र भिंतीपासून भिंतीपर्यंतच लागते. त्यामुळे वारज्याचे ६६० हे रेराच्या हिशेबाने ६८० च्या आसपास जातात. म्हणजे तू ज्याला लहान समजत होतीस ते ९५० वालं घर तिघांत मोठं निघालं. (पुनावळ्याला बाल्कनी वेगळी ६० फूट आहे ती मान्य, पण बाल्कनीत सासूबाईंचा पलंग बसत नाही.)

आता पैसे. इथेही ७०, ७२, ५८ असे आकडे शेजारी ठेवायचे नाहीत, घराची किल्ली हातात येईपर्यंत खिशातून एकूण किती जाणार तो आकडा ठेवायचा. वहीत सरळ मांड. पुनावळे ७० लाख, त्यावर ५ टक्के जीएसटी साडेतीन लाख, कारण बांधकाम चालू आहे आणि किंमत ४५ लाखांच्या वर आहे म्हणून १ टक्क्याचा कमी दर मिळत नाही. स्टॅम्प ड्युटी पुण्यात आणि पिंपरी चिंचवडमध्ये ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. रजिस्ट्रेशन ३० हजार. दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स, लीगल, मीटर, सोसायटी स्थापना असं मिळून त्यांच्याच शीटवर दोन लाख. झाले ८० लाख ७० हजार. आणि ताबा मिळेपर्यंत दोन वर्षं तुमचं १९ हजार भाडं चालूच, ते साडेचार लाख आणखी, त्यात बँकेने जसजसं कर्ज सोडलं तसतसं त्यावरचं व्याजही. हे व्याज लोक तुलनेत कधीच लिहीत नाहीत आणि मग दुसऱ्या वर्षी भाडं आणि व्याज दोन्ही एकत्र भरताना घरात भांडणं होतात.

वारजे ७२ लाख, जीएसटी शून्य. ड्युटी ५ लाख ४ हजार, रजिस्ट्रेशन ३०, एजंटचा एक टक्का ७२ हजार, सोसायटीची ट्रान्सफर फी, जी महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५ हजार घेता येते, त्याहून जास्त 'डोनेशन' मागितलं तर नको म्हण. वर दुरुस्ती. फोटोत दोन्ही बाथरूमच्या टाइल्स जुन्या दिसतायत, वायरिंगही बघावं लागेल, मी साडेतीन लाख धरते. एकूण ८१ लाख ८० हजार.

नऱ्हे ५८ लाख, ड्युटी ४ लाख ६ हजार, रजिस्ट्रेशन ३०, इतर दीड लाख, झाले ६३ लाख ८६ हजार. पण थांब. 'कम्प्लिशन मिळाल्यातच जमा' याचा अर्थ कम्प्लिशन, म्हणजे बांधकाम पूर्ण झालं, राहायला हरकत नाही असं महापालिकेचं भोगवटा पत्र, मिळालेलं नाही. रंग लागला, लिफ्ट चालू झाली तरी भोगवटा पत्र हातात नसेल तर कायद्याच्या नजरेत ते घर अजून बांधकामच आहे आणि त्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, २ लाख ९० हजार. म्हणजे ६६ लाख ७६ हजार. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट ही की भोगवट्याशिवाय नळजोड, प्रॉपर्टी टॅक्स, पुढे विकताना गिऱ्हाइकाचं लोन, सगळीकडे अडतं.

आता भागाकार कर. पुनावळे फुटाला साधारण १२ हजार १००. वारजे १२ हजार ३०. नऱ्हे १० हजार ९००. बघ ना, सुरुवातीला सांगितलेल्या आकड्यांवर पुनावळे फुटाला ७ हजार आणि वारजे साडेसात हजारांच्या वर वाटत होतं आणि तू वारज्याला महाग म्हणून बाजूला ठेवत होतीस. एका मापात आणल्यावर दोन्ही सारखीच निघाली, आणि पुनावळ्याच्या आकड्यात दोन वर्षांचं भाडं मी अजून मिसळलेलंच नाही.

बँकेचं पण आधीच बघून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांमधल्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात आणि त्या किमतीत स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन धरत नाहीत, ते सगळं तुमच्या खिशातून. पुनावळ्याला स्वतःचे १४ लाख, ड्युटी वगैरे ५ लाख २०, इतर दोन, म्हणजे २१ लाखांच्या वर गेलं आणि जीएसटीचं बँक किती धरते त्यावर ते आणखी वाढेल. तुमचे २२ तिथेच संपतात. मुलीच्या शाळेची फी, सासूबाईंच्या गुडघ्याचं काही निघालं तर काय, हे कुणीच वहीत लिहीत नाही, तू लिही. किमान सहा महिन्यांचा हप्ता बाजूला राहायला हवा यावर मी तरी ठाम आहे. हप्त्याचं म्हणशील तर साडेआठ टक्के धरून वीस वर्षांना लाखामागे साधारण ८६८ रुपये पडतात, ५६ लाखांना ४८ हजार ६००. त्यात मेंटेनन्स मिळवूनच तुलना करायची.

ड्युटीवरनं आठवलं, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात १ टक्का ड्युटी कमी लागते, ७० लाखांवर ७० हजार वाचतात. पण नवऱ्याचं नाव जोडमालक म्हणून आलं की ही सवलत जाते, आणि नाव नसेल तर हप्ता त्याने भरला तरी त्याला इन्कम टॅक्समध्ये वजावट घेता येत नाही. दोन्हीचा हिशेब करून बसून बोला, रजिस्ट्रारच्या ऑफिसात रांगेत उभं राहून नव्हे.

आता कागदावरनं उतरून घराकडे येऊ, कारण राहायचं घरात असतं. सॅम्पल फ्लॅट तुझ्या नवऱ्याला आवडला यात त्याचं काही चुकलं नाही, तो आवडावा म्हणूनच केलेला असतो. पुढच्या वेळी जाताना टेप घेऊन जा आणि तिथल्या पलंगाची लांबी मोज. आपला नेहमीचा पलंग सव्वासहा फुटांचा असतो, सॅम्पल फ्लॅटमधला कित्येकदा साडेपाचचा निघतो. आतली दारं काढून टाकलेली असतात म्हणून खोली मोठी दिसते, दार लावल्यावर कपाटाचा दरवाजा उघडेल का ते बघ. फ्रिज कुठे उभा राहणार आणि त्याचं दार कुठल्या बाजूला उघडणार, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनला नळ आणि निचरा दोन्ही आहे का, स्वयंपाकघरात दोन बायका एकावेळी उभ्या राहू शकतात का, हे तिथे उभं राहून करून बघ. आणि पुनावळ्याचं खरं घर अजून हवेत आहे, तर तिथे निदान तुमचा मजला आणि तुमची दिशा बघा. पश्चिमेची बेडरूम असेल तर एप्रिलमध्ये भिंत रात्री दहापर्यंत गरम असते.

वारज्याला परत जा, पण एजंटशिवाय आणि पावसात. छत आणि बाथरूमच्या मागची भिंत तळहाताने चाचपून बघ, नुसतं बघून कळत नाही. सगळ्या घराचा रंग जुना आणि एकाच कोपऱ्यात ताजा रंग असेल तर तिथे ओल आहे असं समजून वरच्या मजल्यावरच्यांची बेल वाजव, गोड बोलून विचार. लिफ्ट एकच आहे का, लाईट गेल्यावर बॅकअपवर चालते का, आणि सासूबाईंना खरंच एकदा घेऊन जा, तीन मजले उतरायची वेळ आली तर त्या कशा उतरतील ते त्यांनाच ठरवू दे, आपण त्यांच्या वतीने नको ठरवायला.

पाण्याबद्दल मला जरा जास्त लिहायचंय. आम्ही २००९ साली पहिलं घर घेतलं तेव्हा मी भिंतींचा रंग, किचनचा कट्टा, देवघराची जागा सगळं बघितलं, पाणी नाही बघितलं. बिल्डर म्हणाला सहा महिन्यांत कार्पोरेशनचं कनेक्शन येतंय, आम्ही मान डोलावली. ते यायला नऊ वर्षं लागली. नऊ वर्षं टँकर. मे महिन्यात रात्री अकरा वाजता बादल्या भरून ठेवायच्या, पाहुणे येणार म्हटलं की आधी पाण्याचा विचार, आणि माझ्या आईने एकदा येऊन चार दिवसांत परत जायचं ठरवलं कारण तिला वाटलं तिच्यामुळे आमचं पाणी संपतंय. ते मला अजून लागतं. म्हणून मी कुणालाही घर बघताना आधी पाणी बघ म्हणते.

कसं बघायचं, तर विक्री ऑफिसात विचारायचंच नाही. सकाळी साडेसहाला गेटसमोर जाऊन अर्धा तास उभं राहायचं. टँकर आत जाताना दिसला की मोजायचे. वॉचमन, धुणंभांडी करणाऱ्या मावशी, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला यांना सगळं माहीत असतं, उन्हाळ्यात किती येतात विचारायचं. सोसायटी असेल तर गेल्या मे महिन्याचं टँकरचं बिल मागायचं. नऱ्ह्याला तुला फ्लॅटमागे १८०० रुपये टँकरचे सांगितलेत ना, ते कुठल्या महिन्याचे ते विचार. नऱ्हे २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एक आहे, त्या सगळ्या भागात बिल्डिंगा आधी आल्या आणि पाइप मागून येतोय. आणि २०२५ च्या जानेवारीत जीबीएसचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे) पेशंट सिंहगड रोडच्या त्याच पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड, धायरी या बाजूला जास्त सापडले तेव्हा संशय पिण्याच्या पाण्यावरच होता हे पुण्यातल्या सगळ्यांना आठवत असेल. तिथे राहूच नये असं मी म्हणत नाहीये, हजारो लोक राहतायत, पण विहिरीचं की बोअरचं की टँकरचं, ते कुठे शुद्ध होतं, टाकी कधी धुतली, हे चार वर्षांच्या मुलीच्या आईने विचारलंच पाहिजे.

पुराचंही बघून घे, नदी-ओढा जवळ असेल तर. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंग आणि खालचे मजले पाण्यात गेले होते, २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याने तर माणसं नेली. निळी पूररेषा आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा, हे दोन शब्द वकिलाला विचारायचे. वारज्यालाही विचार, मुठा तिथूनही जाते.

रस्ता तू गूगल मॅपवर रविवारी दुपारी बघितला असशील. मंगळवारी संध्याकाळी सातला हिंजवडीहून पुनावळ्याला स्वतः ये आणि नवऱ्याला स्वारगेटहून यायला सांग. तुला ते घर जवळ आहे, त्याला दोन्ही वेळा शहर ओलांडायचंय. पिंपरी ते स्वारगेट मेट्रो आता पूर्ण चालू आहे, पण पुनावळ्याहून स्टेशनपर्यंत कसं पोचायचं हा प्रश्न राहतोच. नऱ्ह्याला रोज नवले पुलाचा उतार आहे, तिथले अपघात आपण पेपरात वाचतो, तुम्ही दोघं टू व्हीलरवर जाता हे लक्षात घ्या. वारज्याहून चांदणी चौकातून तुला हिंजवडी आणि त्याला स्वारगेट, दोघांनाही मध्यम पडतं, एकावरच सगळा भार येत नाही. मला हे संसाराच्या दृष्टीने महत्त्वाचं वाटतं.

कागदपत्रांचं लांबवत नाही, त्यासाठी स्वतःचा वकील कर, बिल्डरने दिलेला नको. बँकेचा वकील बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का ते बघतो, तुझ्या पार्किंगचं भांडण त्याच्या यादीत नसतं. पुनावळ्याचा प्रोजेक्ट महारेराच्या (राज्याच्या रेरा कार्यालयाच्या) वेबसाइटवर काढ, जाहिरातीवर क्यूआर कोड असतो तोच स्कॅन कर, आणि तिथे ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकललीय, कोर्टात केस आहे का, मंजूर नकाशात तुमचा मजला आहे का ते बघ. सेल्समन डिसेंबर म्हणतो आणि रेरावर पुढच्या वर्षाचा जून असतो असं खूप दिसतं, तारीख रेरावरचीच खरी धरायची. नऱ्ह्याचंही तसंच. वारज्याला सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू (खरेदी नोंदणीचा उतारा), आधीच्या सगळ्या विक्रीचे करार, भोगवटा पत्र, मालकाचं लोन फिटल्याचं बँकेचं पत्र, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, आणि जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरकडून मालकीचं हस्तांतर, सोसायटीच्या नावावर झालंय का. हे शेवटचं सगळ्यात जास्त विसरलं जातं आणि पुढे रिडेव्हलपमेंटच्या वेळी तिथेच गाडी अडते. किंमत ५० लाख किंवा वर असली की १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून कापायचा आयकर, तुम्हीच कापून भरायचा असतो, रिसेलमध्ये लोक विसरतात आणि मग दंड.

रविवारचं टोकन देऊ नका. दीड लाखाची सूट रविवारी संपत नाही, सोमवारी फोन येईल बघ. आणि उद्या कधी नवीन घर घेतलंच तरी रजिस्टर्ड करार व्हायच्या आधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत हे लक्षात ठेवा, आणि जे द्याल ते चेकने, पावतीवर रद्द केलं तर किती परत मिळणार ते लिहून घेऊन.

माझं मत विचारलंयस म्हणून सांगते. नऱ्ह्याला भोगवटा पत्र हातात येईपर्यंत मी पैसे लावणार नाही, कितीही स्वस्त असलं तरी. पुनावळ्याचं घर वाईट नाही, पण तुमच्या २२ लाखांत आणि सासूबाई आत्ता येणार असताना दोन वर्षं भाडं आणि व्याज दोन्ही ओढणं मला जड वाटतं. मी वारज्याच्या मागे लागेन. बाथरूमच्या दुरुस्तीचं प्लंबरकडून लेखी एस्टिमेट घे, ते मालकासमोर ठेव आणि ६९ ला बोल. ६९ ला जमलं तर स्वतःचे १३ लाख ८०, ड्युटी आणि बाकी सगळं धरून २० लाखांच्या आत बसतं, दोनेक लाख हातात राहतात, त्यात निदान एक बाथरूम आणि वायरिंग होईल, दुसरं पुढच्या वर्षी. आणि सहा महिन्यांच्या हप्त्याचं मी वर म्हटलं ते इथेही लगेच जमत नाही, म्हणून घर झालं की सुटलेल्या भाड्यातला जो भाग हप्त्यात जाणार नाही तो आधी तिकडे टाक. ७२ वरनं मालक हललाच नाही किंवा कन्व्हेयन्स झालेलं नसेल आणि सोसायटी त्यावर काही बोलायला तयार नसेल तर सोडून द्या, बाविसावं घर बघा.

या शनिवारी वारज्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन कर, कन्व्हेयन्स आणि पाण्याची वेळ एवढे दोनच प्रश्न विचार. काय म्हणाले ते मला कळव, मग करारातली कलमं आपण पुढच्या पत्रात बघू.